कपाटातला बॉयलर

वाचण्यापूर्वी
तुमच्या घरातला बॉयलर कुठे आहे? स्वयंपाकघरात, माळ्यावर की जिन्याखाली? त्याच्या आजूबाजूला आणखी काय काय ठेवलंय? आधी जाऊन बघून या. मग वाचायला बसा.

पाठ
ब्रिटनमध्ये बरीच जुनी घरं एकाला एक चिकटून रांगेत उभी असतात. आमचं घरही तसंच आहे. स्वयंपाकघर इतकं लहान, की दोघी एकदम आत गेलो तर एकीला बाहेर यावं लागतं. तिथेच कोपऱ्यातल्या कपाटात आमचा बॉयलर होता. दोन वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, तो बंद पडला. तेव्हा माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. रेडिएटर थंडगार, नळाला गार पाणी, आणि आईच्या अंगावर दोन स्वेटर नि वर शाल! नवा बॉयलर लवकरात लवकर हवा होता.

पहिला माणूस आला. त्याने कपाटात नुसतं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "जागा कमी आहे, पण बसेल. दोन तासांत काम करून देतो." मी त्याचं ओळखपत्र मागितलं. "गाडीत आहे," असं तो म्हणाला, पण आणायला काही गेला नाही. मी त्याला नको म्हणून सांगितलं.

इथे थोडं थांबू या. ग्रेट ब्रिटनमध्ये गॅसचं काम कोणीही करून चालत नाही. त्यासाठी 'गॅस सेफ रजिस्टर' या यादीत नोंद असावी लागते. ही यादी १ एप्रिल २००९ रोजी सुरू झाली. त्याआधी 'कॉर्गी' नावाची यादी होती. नोंद असलेल्या माणसाकडे फोटो असलेलं कार्ड असतं. तो कोणकोणती कामं करू शकतो, हे त्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. म्हणून "कार्ड दाखवता का?" असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही हं. विचारायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुसरे एक गृहस्थ आले. त्यांनी आधी कार्ड दाखवलं आणि मग मोजपट्टी काढली. कपाट आतून ४५ सेंटीमीटर रुंद भरलं. नवा बॉयलर ४० सेंटीमीटर रुंद, ७० सेंटीमीटर उंच आणि ३० सेंटीमीटर खोल होता.

"अगं, मग बसतोय की! वर पाच सेंटीमीटर उरतात," आई म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "बॉयलर बसेल, पण बॉयलरला लागणारी जागा वेगळी असते." मग त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी आईला मराठीत सांगत होते.

पहिली जागा नळ्यांची. आमचा बॉयलर 'कॉम्बी' जातीचा. म्हणजे तो घरही गरम करतो आणि नळाचं पाणीही तापवतो. त्याच्या खालून पाच नळ्या निघतात. एक गॅसची, एक गार पाणी आत येण्याची, एक गरम पाणी नळाकडे जाण्याची, एक रेडिएटरकडे गरम पाणी नेणारी आणि एक तिथून निवलेलं पाणी परत आणणारी. शिवाय आतल्या धुरातल्या वाफेचं जे पाणी होतं, ते गटारात सोडायला प्लॅस्टिकची नळी वेगळीच. या सगळ्या नळ्यांना वळायला बॉयलरखाली निदान वीतभर मोकळी जागा हवी होती. आणि नेमकी तिथेच आमच्या कपाटाची फळी होती.

दुसरी जागा धुराड्याची. आजकालच्या बॉयलरचं धुराडं म्हणजे नळीच्या आत नळी. आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. म्हणून असा बॉयलर खोलीतली हवा वापरत नाही आणि बंद कपाटातही चालतो. पण धुराड्याचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून साधारण ३० सेंटीमीटर तरी लांब लागतं, नाहीतर बाहेर गेलेला धूर खिडकीतून परत घरात येईल. आमचं जुनं भोक खिडकीला अगदी खेटून होतं. ते बुजवून दुसरीकडे पाडावं लागणार होतं.

तिसरी जागा हातांची. बॉयलर दरवर्षी तपासावा लागतो. तेव्हा समोरचं झाकण काढायला आणि आत हात घालायला जागा नको का? दार उघडल्यावर समोर माणूस नीट उभा राहिला पाहिजे. कुठल्या बाजूला किती जागा सोडायची, हे त्या त्या बॉयलरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. अंदाजाने बसवून चालत नाही.

"सामान यायला आणि हे सगळं करायला तीन दिवस लागतील," ते म्हणाले. बाहेर बर्फ पडत होता. मी आईकडे पाहिलं. वाटलं, ती आता वैतागणार. पण ती म्हणाली, "थांबू या. तीन दिवस मी पातेल्यात पाणी तापवीन. धुराला वाट नसली की काय होतं, ते मी पाहिलंय."

मग तिने बंबाची गोष्ट सांगितली. बंब म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं उभं भांडं. त्याच्या मधोमध एक नळी असते. नळीत कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या. भोवतीचं पाणी तापतं आणि तोटीतून काढता येतं. आईच्या लहानपणी बंब अंगणात पेटवत. एकदा थंडी फार होती, म्हणून वाड्यातल्या एका काकांनी पेटता बंब न्हाणीघरात नेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ झाला, तरी ते बाहेर येईनात. शेवटी दार तोडलं, तर काका जमिनीवर बेशुद्ध! नशिबाने वाचले.

काकांना कशाने चक्कर आली? कार्बन मोनॉक्साइडने. कोळसा, लाकूड किंवा गॅस नीट जळला नाही, की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि आपल्याला वाटतं, सर्दी-ताप येतोय. म्हणून इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून नवा बॉयलर बसवला, की त्या खोलीत या वायूची सूचना देणारा अलार्म लावावाच लागतो.

आणखी एक गोष्ट बघा. भारतात आपण पाणी तापवायच्या यंत्राला 'गीझर' म्हणतो. हे नाव लंडनमधूनच आलं. १८६८ मध्ये बेंजामिन वॉडी मॉन या माणसाने लंडनमध्ये गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या उसळत्या झऱ्यावरून त्याने यंत्राला 'गीझर' नाव दिलं. पाणी झटपट तापायचं, पण धूर बाहेर न्यायला धुराडंच नव्हतं! म्हणजे त्या गीझरची आणि काकांच्या बंबाची चूक एकच.

तीन दिवसांनी आमचा बॉयलर बसला. घर गरम झालं. आईने कपाट उघडलं आणि म्हणाली, "अगं, ही खाली एवढी जागा रिकामी! पापडाचा डबा राहील इथे." मग स्वतःच जीभ चावली आणि डबा पलंगाखाली सरकवला. पुढच्या जानेवारीत तपासणीला माणूस आला. त्याने दार उघडलं, झाकण काढलं आणि लगेच काम सुरू केलं. त्याला काहीही हलवावं लागलं नाही. आपल्याला जी जागा रिकामी दिसत होती, ती खरं तर धुराची, नळ्यांची आणि त्याच्या हातांची होती.

लक्षात ठेवा
अलार्म वाजला, किंवा गॅसचा वास आला, तर खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर जा आणि बाहेरून फोन करा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी नंबर आहे ०८०० १११ ९९९. वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबू नका.

शब्दार्थ
धुराडं – धूर बाहेर नेणारी नळी. इंग्रजीत तिला 'फ्लू' म्हणतात. तापाच्या 'फ्लू'शी तिचा काही संबंध नाही!
वीत – पंजा ताणल्यावर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर.
खोल – आत किती जातं ते. त्यावरून 'खोली'. पण 'खोली' म्हणजे घरातली खोलीसुद्धा.
ढलपी – लाकडाचा लहान, चपटा तुकडा.
न्हाणीघर – आंघोळीची जागा.
खेटून – अगदी चिकटून.
जीभ चावणे – आपण चुकीचं बोललो हे लगेच लक्षात येणे.

प्रश्न
१. लेखिकेने पहिल्या माणसाला काम का दिलं नाही?
२. बॉयलरला कोणत्या तीन जागा लागतात?
३. बंद कपाटातला बॉयलर चालतो, पण बंद न्हाणीघरातला बंब का चालत नाही?
४. आई तीन दिवस थांबायला का तयार झाली?

करून पाहा
तुमच्या बॉयलरचं कपाट वितीने मोजा : किती विती रुंद, किती उंच? धुराडं कुठे बाहेर पडतं, ते शोधा. अलार्म आहे का, तेही बघा. मग आजीला किंवा आजोबांना फोन करून सगळं मराठीत सांगा. आणि त्यांच्या लहानपणी आंघोळीचं पाणी कसं तापवायचे, ते विचारून पाच वाक्यं लिहा.