मोबाईलवरील ॲप बंद पडल्यास नोंद कशी घ्यावी?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागले. अशा कामांना मुदत असते. मुदतीच्या तोंडावर एखादे ॲप बंद पडले, की शेतकरी फोन घेऊन गावातील जाणत्या तरुणाकडे येतो. हा लेख अशा तरुणांसाठी आहे.

नुसते 'ॲप चालत नाही' असे कळविणे म्हणजे 'कपाशी वाळते आहे' असे कळविण्यासारखे आहे. कपाशी मर रोगाने वाळते, मूळकुजीने वाळते, तशीच पाणी साचूनही वाळते. म्हणूनच रोगनिदानासाठी मुळासकट झाड व सोबत माहितीची चिठ्ठी मागितली जाते. ॲपचेही तसेच आहे.

ॲप का बंद पडते?

ॲप म्हणजे क्रमाने लिहिलेल्या सूचना. एखादा रकाना रिकामा राहिला किंवा फोनमधील जागा संपली आणि त्या परिस्थितीसाठी सूचना लिहिलेली नसली, तर ॲप बंद पडू शकते. ते कोणत्या सूचनेवर थांबले याची नोंद अँड्रॉइड फोन ठेवतो. परंतु त्या वेळी शेतकरी काय करीत होता, हे त्या नोंदीवरून नीट कळत नाही. ते आपणच विचारून लिहावे लागते.

माहिती कशी घ्यावी?

१. 'का बंद पडले?' असे विचारू नये, त्याने केवळ तर्क मिळतात. 'शेवटी काय दाबले? मग काय दिसले?' असे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे.

२. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरवावा किंवा त्याचा फोटो घ्यावा. 'बंद पडले' आणि 'प्रतिसाद देत नाही' हे दोन वेगळे दोष आहेत.

३. दिनांक, वेळ, रेंज होती किंवा नाही व फोनमधील शिल्लक जागा लिहावी.

४. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती व ॲपची आवृत्ती 'सेटिंग्ज'मध्ये पाहून लिहावी.

५. तीच कृती त्याच क्रमाने पुन्हा करून पाहावी. दोष दर वेळी येतो की अधूनमधून, हे नोंदवावे.

उदाहरणार्थ : 'पानाचा फोटो काढून जतन करा दाबले. पडदा काळा होऊन ॲप बंद झाले. तीनदा केले, तिन्ही वेळा तसेच. फोटो न जोडल्यास बंद होत नाही.' एवढ्या चार ओळींवरून दोष फोटोच्या टप्प्यावर आहे, हे दुरुस्ती करणाऱ्यास लगेच समजते.

काय टाळावे?

• घाईने ॲप काढून टाकू नये किंवा 'क्लिअर डेटा' दाबू नये. रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्येच साठलेली असल्यास ती कायमची जाते.

• ओटीपी, पासवर्ड कोणासही कळवू नये. फोटोत आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक दिसत असल्यास तो झाकावा.

मुदत जवळ आली असल्यास दुरुस्तीची वाट पाहत बसू नये. हीच नोंद जोडून संबंधित कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे व पोच घ्यावी. तक्रार वेळेत केली होती, याचा तोच पुरावा ठरतो.