आधी काटा, मग इंजिन

अगं, १९८७ची व्हॅनागन वेस्टफालिया घेतलीस, चांगलं केलंस. ग्रेपव्हाइनच्या चढाला ती दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे ट्रकवाले हॉर्न मारतात, म्हणून तुला इंजिन बदलायचंय. बदल. पण मामाचं थोडं ऐकून घे.

सगळ्यात आधी गाडीचं वजन कर. सामान भरून, टाकी भरून, तुम्ही दोघं बसून. हायवेवर ट्रक थांबतात तिथे मोठा काटा असतो, पुढच्या-मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून देतात. भरलेली वेस्टफालिया दोन टनांच्या वर सहज जाते आणि तिला ओढायला मूळ २.१ लिटरचं इंजिन, जेमतेम ९०-९५ हॉर्सपॉवरचं. त्यात उंचीवर हवा विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११ हजार फुटांवर, तिसरा हिस्सा तिथेच गेला. तेव्हा लोखंडी तवे आणि दोन सायकली आधी उतरव.

मग आहे त्या इंजिनाची नाडी बघ. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर दोष बहुधा दुसरीकडे आहे: तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, झिजलेला एअर फ्लो मीटर, धरून बसलेला ब्रेक. अशा गाडीत नवं इंजिन घातलं तर जुनं दुखणं तसंच राहतं आणि खिसा तेवढा रिकामा होतो. हेड आणि ब्लॉकमधल्या रबराच्या सीलमधून कूलंट झिरपत असेल, हेडचा पृष्ठभाग खाल्लेला असेल, तर मात्र बदलायचं कारण खरं.

बदलायचंच तर सुबारू घाल. तेही मूळ इंजिनासारखं आडव्या सिलिंडरचं, म्हणून मागच्या त्या ठेंगण्या खोलीत मावतं. मी सांगेन ते साधं २.२ लिटरचं, ईजे २२, नव्वदच्या दशकातल्या लेगसीतलं. १३० हॉर्सपॉवरच्या आसपास देतं आणि १९९६पर्यंतच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. दुकानदार अडीच लिटरचं गळ्यात मारायला बघतील. त्याची हेड गॅस्केटची ख्याती ऐकून घे आणि नको म्हण. घर ओढायच्या गाडीला कंटाळवाणं इंजिन बरं.

सुटं इंजिन घेऊ नकोस. अपघातात गेलेली अख्खी गाडी मिळाली तर सोनंच: कॉम्प्युटर, वायरिंग, सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळं एका आईचं. सुबारूच्या कॉम्प्युटरला वेगाचा सिग्नल लागतो, तो तुझ्या स्पीडोमीटरच्या केबलमधून काढावा लागेल. खालचं तेलाचं भांडं उथळ करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच खडबडीत कच्च्या रस्त्यावर फुटेल. इंजिन बाहेर आहे तेव्हाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच बदल. नंतर त्यातल्या एका सीलसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त गाड्या फसतात. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांबच लांब नळ्या. त्या जुन्या असतील तर स्टेनलेसच्या टाक, कंजुषी नको. सुबारूचा थर्मोस्टॅट रेडिएटरकडून परत येणाऱ्या पाण्यावर बसतो. इंजिनातलं गरम पाणी बायपासमधून त्याच्यापर्यंत पोचलं नाही, तर तो वेळेवर उघडत नाही आणि तू मात्र नव्या इंजिनाला दोष देत बसशील. नळ्या जोडणाऱ्याला ही बायपासची वाट बोटाने दाखवायला सांग. भरताना गाडीचं नाक वर उचल, रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल कर, बुडबुडे थांबून नुसतं पाणी येईपर्यंत हवा काढ.

गिअरबॉक्स शंभरच्या आतल्या हॉर्सपॉवरसाठी बनलेला आहे. जोर आला म्हणून उभ्या चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून धरू नकोस. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, चाळीस वर्षांचे. वर जायची ताकद वाढवलीस की खाली उतरायची सोय आधी कर. टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी नवी हवी. या गाड्या पेट घेतात त्या बहुतेक तिथूनच. गाडीखाली वेल्डिंग होणार असेल तर स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आधी उतरवून लांब ठेव. वेल्डर "काही होत नाही" म्हणाला तर दुसरा वेल्डर बघ.

कॅलिफोर्नियात कागद पाण्याइतकेच महत्त्वाचे. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याची धूर आवरणारी सगळी मूळ यंत्रणा सोबत हवी. मग इंजिनबदल तपासणाऱ्या सरकारी रेफरीकडे तपासणी आणि इंजिनाच्या खोलीत त्याचं लेबल. काम सुरू करण्याआधी त्याच्याकडे चौकशी कर. विमा कंपनीलाही कळव.

लेबल चिकटेपर्यंत जुनं इंजिन विकू नकोस. जागा नसेल तर माझ्या शेडमध्ये आणून टाक, मामीला मी सांगतो.