मातीपट्टीआधी डॉक्टरांची पाटी वाचा

माती, पाणी, ऊन आणि उपास. निसर्गोपचाराचं सगळं भांडवल जवळजवळ फुकटातलं. तरी दहा दिवसांचं बिल हॉटेलासारखं येतं, कारण पैसे पडतात खोलीचे, मालिश करणाऱ्या हातांचे आणि डॉक्टरांच्या देखरेखीचे. खोली तर आधी दाखवतातच. देखरेख कुणाची, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी आपणच विचारायचं.

आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांच्यासाठी 2020 साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, होमिओपॅथीसाठी वेगळा. निसर्गोपचार दोन्हींच्या बाहेर राहिला. कर्नाटकाच्या 1961च्या नोंदणी कायद्यात त्याला जागा आहे. सगळ्या राज्यांत तसं नाही. गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचनला ज्याचं केंद्र काढलं, ज्याची राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे, त्या उपचाराची ही गत!

तेव्हा पाटीवरची अक्षरं वाचा. बीएनवायएस म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी: साडेचार वर्षं कॉलेज आणि वर्षभर इंटर्नशिप. नुसतं ‘एनडी’ असेल तर संस्था कुठली, अभ्यासक्रम किती महिन्यांचा, वर्गात बसून की टपालाने, हे विचारायला संकोच नको. नोंदणी कुठल्या राज्याची, क्रमांक काय, हेही विचारा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपास करायचा असेल तर साखर एकदम उतरल्याचं ओळखणारं कुणीतरी तिथे हवंच. गोळ्या कमी करायच्या तर ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारून. आणि ‘आमच्या काढ्याने मधुमेह कायमचा बरा’ अशी पाटी दिसली तर तिथूनच मागे फिरा. औषधांची असली जाहिरात 1954च्या कायद्याने बंद आहे.

विम्याच्या भरवशावर जाणाऱ्यांनी पॉलिसी उघडून बसावं. 1 एप्रिल 2024 पासून आयुष उपचारांना, म्हणजे निसर्गोपचारालाही, वेगळी, कमी मर्यादा लावता येत नाही, हे खरं. पण केंद्र आयुष रुग्णालयाच्या व्याख्येत बसायला हवं: किमान पाच खाटा आणि चोवीस तास पात्र डॉक्टर. शिवाय बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या खर्चांत ‘नेचर क्युअर क्लिनिक’ हे शब्दच छापलेले असतात. कंपनीकडून होकार लेखी घ्या, फोनवरचा नको.

बिलात खोली, जेवण आणि उपचार वेगळे लिहून मागा. तिसऱ्या दिवशी उपास झेपला नाही म्हणून निघालात तर किती परत मिळणार, तेही. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. पावती मात्र हवी.