मधुमेह आणि विम्याचा फॉर्म

आमच्या बेळगावात पाहुणा आला की बशीत कुंदा येतो. "नको, मला साखर आहे" असे म्हणणारा पाहुणा पूर्वी विरळा असे. आता घरटी एक तरी निघतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. इतक्या परिचयाच्या या रोगाविषयी दोन गोष्टी विद्यार्थ्यांना माहीत असाव्यात: तो होतो कसा, आणि त्याच्या खर्चाची तजवीज करावी कशी.

आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात मिसळते. रक्तातून ती पेशींत शिरावी यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन लागते. इन्सुलिन नसेल किंवा पेशी त्याला दाद देत नसतील, तर साखर रक्तातच साठते. दारात धान्याची पोती पडून आहेत आणि घरात मात्र उपासमार, अशी शरीराची अवस्था होते. रक्तातील साखर फार वाढली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात. तिच्याबरोबर पाणीही जाते. म्हणून वारंवार लघवी, सतत तहान, भूक असूनही वजन घटणे ही लक्षणे दिसतात. मात्र पुष्कळांना वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण जाणवत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तो बहुधा लहान वयात होतो आणि इन्सुलिन टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. दुसरा प्रकार सर्रास आढळणारा. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बैठे काम ही त्याची प्रमुख कारणे. केवळ गोड खाल्ल्याने तो होतो हा समज अपुरा आहे.

निदान रक्ततपासणीनेच होते. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना, आणि १२६ किंवा अधिक आढळल्यास, पुन्हा तपासून खात्री करून, मधुमेह मानतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' ही तपासणी ६.५ टक्के वा अधिक आली तरी अर्थ तोच. दुर्लक्ष केल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांवर परिणाम होतो.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला आमच्या घरात कळला. माझ्या चुलत्यांना मधुमेह होऊन सहा वर्षे झाली होती, तेव्हा त्यांनी आरोग्य विमा काढला. एजंट म्हणाला, "फॉर्मात साखरेचं लिहू नका, उगाच हप्ता वाढेल." चुलत्यांनी 'नाही' वर खूण केली. पाचव्या वर्षी चप्पल लागून पायाला जखम झाली. नसा बधिर असल्याने ती आठवडाभर कळलीच नाही, आणि अखेर अंगठा काढावा लागला. इस्पितळाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिले होते, 'मधुमेह, दहा वर्षांपासून.' विमा कंपनीने दावा नाकारला. काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या.

खरी खंत पुढेच आहे. विम्यापूर्वीच्या रोगासाठी प्रतीक्षाकाल असतो. १ एप्रिल २०२४ पासून नव्या नियमानुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ महिने होता. चुलत्यांनी खरे लिहिले असते तर हप्ता थोडा वाढला असता, पण पाचव्या वर्षी प्रतीक्षाकाल केव्हाच संपलेला असता आणि दावा मंजूर होण्यास हरकत उरली नसती. सलग ६० महिने विमा चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण हा लपवाछपवीचा परवाना नव्हे.

विमा घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. साधारण विमा इस्पितळात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. रोजच्या गोळ्या व तपासण्यांचा खर्च बहुधा आपणच करायचा. खोलीभाड्याला मर्यादा आहे का ते वाचावे. मर्यादा ३,००० रुपये असताना ६,००० रुपयांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी वगैरे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या रकमाही निम्म्याच मिळू शकतात. दाव्यातील काही टक्के आपण सोसायचे, अशी अट आहे का तेही पाहावे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, न पटल्यास, ती परत करता येते. हप्त्याची तारीख चुकवू नये, कारण विमा खंडित झाला तर भोगलेला प्रतीक्षाकालही वाया जाऊ शकतो. दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही. पात्र कुटुंबांना २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि तेथे जुन्या रोगाची आडकाठी नाही. ७० वर्षांवरील वृद्धांना २०२४ पासून उत्पन्नाची अटही नाही.

विद्यार्थिमित्रांनो, घरातला विम्याचा फॉर्म बहुधा आपल्याच हाताने भरला जातो, कारण वडील म्हणतात, "तुझं अक्षर चांगलं आहे." ते काम करताना रोगाच्या रकान्यापाशी थांबा, वडिलांना विचारा, आणि जे खरे तेच लिहा. ते ठाऊक नसेल तर आधी त्यांची रक्ततपासणी करून घ्या. आणि रात्री त्यांचे तळपाय एकदा दिव्याच्या उजेडात पाहा. माझे चुलते आता रोज पाहतात.