जावईबापू घरी येताना

नागपूर

पोरी,

जावईबापू निर्दोष सुटले, पुढच्या आठवड्यात घरी येताहेत, हे ताईकडून कळलं. तू घर रंगवायला काढलंस, हेही कळलं. म्हणून घाईने लिहिते.

तुझे काका आणीबाणीत मिसा कायद्याखाली दीड वर्ष तुरुंगात होते. १९७७ साली सुटले तेव्हा गळ्यात हार मावत नव्हते. त्या रात्री मात्र ते पलंग सोडून जमिनीवर झोपले, दिवा मालवू देईनात. बराकीत रात्रभर दिवा जळतो, हे मला कुठे ठाऊक! दार नुसतं लोटलेलं असलं तरी त्यापुढे उभे राहत, कुणी उघडेपर्यंत. संध्याकाळी पाचलाच जेवायला मागत. माझ्याशी हो-नाही एवढंच. मला वाटलं, माझ्यावरचं मन उडालं. किती भांडले मी! माणूस अजून तिथेच होता, हे उमगायला दोन वर्षं गेली. तुझी ती जाऊ नयेत.

आपल्या वर्धा रोडवरच्या कारागृहातले प्रा. साईबाबा आठव, चाकाच्या खुर्चीवरचे. पत्नी वसंता दिल्लीहून मुलाकातीला यायच्या, मध्ये काच. १४ ऑक्टोबर २०२२ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्दोष सोडलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका थांबवली. त्या एका रात्रीचा विचार मी अजून करते. ५ मार्च २०२४ ला पुन्हा निर्दोष, ७ मार्चला बाहेर. १२ ऑक्टोबरला हैदराबादेत ते गेले. त्या दोघांना सात महिने मिळाले.

चार वर्षं तूही काढलीस: मुलाकातीची रांग, शाळेची फी, वकिलाकडचे हेलपाटे. आता सगळा कारभार एकदम त्यांच्यावर टाकू नकोस. तुझ्याच हातातही ठेवू नकोस. भाजीला पाठव, काय आणायचं ते त्यांना ठरवू दे. तिथे त्यांना कुणी विचारलेलं नाही. जवळीक त्यांच्या वेळेने येईल. पाहुण्यांची रीघ आठ दिवस थोपव, वाईटपणा माझ्यावर ढकल. झोप उडालेलीच राहिली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलले, तर लपवू नकोस; टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुझं मन भरून आलं, तर तूही लाव.

आणि रंग होऊ दे, पण तुमच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे ना, ती आजच सुताराला बोलावून काढून घे.

तुझी,
मावशी