धुक्याला बोल लावण्याआधी

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत निवृत्तीनंतर कुंचला हाती घेणाऱ्याला विषयांची वाण पडत नाही. तोरणा-राजगडाचे कडे, भाटघर धरणाचा फुगवटा, भोरचा राजवाडा आणि पावसाळ्यातली भातखाचरे समोरच असतात. मात्र येथे एक फसवी सोयही आहे : पावसाळ्यात डोंगरांवर धुके उतरते, उन्हाळ्यात वणव्यांनी हवा धुरकट होते, त्यामुळे डोंगराची कड पुसट दिसू लागली की दोष हवेवर टाकता येतो आणि डोळ्यांची तपासणी पुढच्या हंगामावर ढकलली जाते.

ही चालढकल सगळ्याच आजारांत सारखी महाग पडत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ आणि पिवळट होते, निळा व जांभळा प्रकाश कमी पोहोचतो आणि संध्याकाळचा जांभळा डोंगर कागदावर तपकिरी उतरतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना 1912 मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. त्यांनी शस्त्रक्रिया 1923 पर्यंत टाळली आणि मधल्या काळात रंगांच्या नळ्यांवरील नावांवर भिस्त ठेवली. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता, बहुधा डोळ्यातील दाब वाढून, क्षीण होते. आधी बाजूची नजर जाते, समोरचे दिसत राहते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि गेलेले परत येत नाही. पाण्याचा पेला वारंवार हाताने कलंडणे किंवा कुंचला रंगाच्या खणाऐवजी त्याच्या काठावर टेकणे याला वयाचा वेंधळेपणा समजू नये. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे तपासणी झाली, हा समजही सोडावा; डोळ्यातील दाब, चेता आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजरेच्या आवाक्याचा विस्तार, यांची तपासणी मागून घ्यावी.

दृष्टी गमावणाऱ्याला धीर देताना चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींचे नाव हमखास घेतले जाते. पन्नाशीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपश्चात त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी कागदाची कात्रणे आणि शांतिनिकेतनातील फरशांचे भित्तिचित्र त्यांनी त्यानंतरच केले. हा दाखला खरा असला तरी अपुरा आहे, कारण त्यांच्या हातात अनेक दशकांचे रेखाटन मुरलेले होते आणि साठीत शिकू लागलेल्याकडे ती पुंजी नसते. म्हणून दिसते आहे तोवरच रंगांच्या खणांचा क्रम कायमचा ठरवावा, नळ्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहावीत आणि ओळखीच्या डोंगराची रेषा डोळे मिटून काढण्याचा सराव ठेवावा.

काचबिंदूचे थेंब बरे वाटते म्हणून थांबवू नयेत, आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नयेत, कारण त्यांनी दाब वाढू शकतो. हा आजार कुटुंबात चालत येऊ शकतो. एकाला निघाला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावे.