न सापडणारी लायब्ररी

पीएचपी भाषेतील पान वेब सर्व्हरवर चालते. मायएसक्यूएल या डेटाबेसशी संवाद साधण्याचे काम मात्र जुन्या मांडणीत 'लिबमायएसक्यूएलक्लायंट' नावाच्या स्वतंत्र लायब्ररीकडे असे. लायब्ररी म्हणजे तयार आज्ञांचा संच. गरज पडताच 'लोडर' हा संच शोधून पीएचपीस जोडून देतो.

'लायब्ररीची फाइल उघडता येत नाही' असा संदेश आला म्हणजे ती नष्टच झाली, असे समजू नये. पुष्कळदा फाइल डिस्कवर असतेच. परंतु लोडर ज्या ठराविक ठिकाणी शोध घेतो, त्यांत तिचे ठिकाण नसते. लिनक्समध्ये 'एलडीडी' ही आज्ञा न सापडलेल्या लायब्ररीचे नाव सांगते. तिचे ठिकाण लोडरच्या यादीत नोंदवावे, 'एलडीकॉन्फिग' चालवावे व सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

नावापुढील अंक जुळत नसेल, तर प्रकरण निराळे. मागणी १६ ची असता १८ च्या फाइलीस १६ चे नाव देण्याची युक्ती अनेकजण करतात. ती घातक होय. हा अंक म्हणजे दोहोंमधील करारच. आतील रचना बदलली असल्यास सर्व्हर कोसळतो, किंवा, याहून वाईट म्हणजे, चुकीची माहिती वाचून निमूटपणे चालत राहतो. अशा वेळी योग्य आवृत्तीच बसवावी, अथवा पीएचपीचा तो भाग नव्याने संकलित करावा.

पीएचपी ५.३ पासून (२००९) 'मायएसक्यूएलएनडी' ही अंतर्गत सोय मिळाली आणि बाहेरील लायब्ररीवाचून भागू लागले. पीएचपी ७ वर (२०१५) 'मायएसक्यूएल_कनेक्ट' सापडत नसल्यास मात्र जोडणी तपासणे व्यर्थ. ते फलनच त्या आवृत्तीतून काढून टाकलेले आहे.